बयो, मागायचीच तर आमदारकी माग

प्रिय बयो,



तू पुढच्या विधानसभेला उभी राहणार असल्याचं दादाने फोनवर सांगितलं. त्याच्या आवाजात काळजी होती, आणि वहिनीने तर फोन हातात घेतलाच नाही. जावईबापूंनी मात्र स्वतःहून फोन केला. म्हणाले, "आत्या, तिला समजवा असं मी म्हणणार नाही. तिला यातलं काय माहीत असायला हवं, ते सांगा." ते ऐकून मला धीर आला, म्हणून हे पत्र. तुझ्या नावाने लिहिते आहे, पण उघडं ठेवते आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात राखीव जागेवरून सरपंच झालेल्या, पंचायत समितीत बसलेल्या कितीतरी जणी आहेत. विधानसभेचं नाव निघालं की त्या मागे सरतात, नाहीतर त्यांना मागे सारलं जातं. त्यांच्याही हाती हे पडावं.

माझं मत आधीच सांगून टाकते. तू उभी राहावंस असं मला मनापासून वाटतं. माझं मागणं एकच आहे. लोकांकडे जाशील तेव्हा आमदारकी माग, मोठी सरपंचकी मागू नकोस. पुढे जे काही लिहिलं आहे, ते याच एका गोष्टीसाठी आहे.

तू सरपंच होतीस तेव्हा पाखाड्या बांधल्यास, वरच्या वाडीचा साकव नवा केलास, रखडलेली नळपाणी योजना मार्गी लावलीस. लोक तुला त्यासाठीच ओळखतात. त्यामुळे प्रचाराला निघालीस की तुझ्यापुढे तीच यादी येईल: पाखाडी, साकव, समाजमंदिर, स्मशानभूमीची शेड. त्या कामांची गरज खरी आहे, त्यांना कधी हलकं लेखू नकोस. पण ती करायला ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनेत स्थान दिलं आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्यांतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखल्या. आमदाराच्या हाती स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटींचा निधी असतो. डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या आपल्या मतदारसंघात तो वाटला, तर वाडीगणिक किती येईल याचा हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला मांडशील. त्याच आमदाराच्या मताने विधानसभेत राज्याचा सगळा अर्थसंकल्प मंजूर होतो. २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांच्या घरातला होता. पाच कोटींत आमच्या वाडीला काय दिलंस, असं विचारणारे तुला रोज भेटतील. सात लाख कोटींवर आपला आमदार काय बोलला, हे विचारायची सवय लोकांना लागलेली नाही. ती तुला लावायची आहे, आणि प्रचारासारखी त्यासाठी दुसरी वेळ मिळत नाही. एरवी सभेला न येणारा माणूसही त्या दिवसांत थांबून ऐकतो.

सभागृहात बोलून कोकणाला काय मिळालं, असं कोणी विचारलं तर सांगायला आपल्याकडे शंभर वर्षांचा इतिहास आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशाने बांधलेली आणि राखलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या माणसांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तळ्याकडे कोणाला फिरकू दिलं जात नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या पावलामागे माणसांची हिंमत होती, तसा कायदेमंडळाचा ठरावही होता.

पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून मुंबई विधानसभेत गेले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. आपल्या पणजोबांच्या पिढीला खोताचा जाच काय असतो हे सांगावं लागत नव्हतं. जमीन कसणारा एक आणि पिकावर हक्क सांगणारा दुसरा, अशी ती रीत होती. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर मोर्चा घेऊन गेले. ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. त्यानंतर कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला आणि कसणारं कूळ मालक झालं. आज आपल्या सातबाऱ्यावर आपलं नाव आहे, त्याच्या मागे सभागृहात झालेलं एवढं काम आहे. हे तू प्रत्येक बैठकीत सांग. बाकी काही नाही तरी सातबारा प्रत्येकाच्या घरात असतो.

आणखी एक गोष्ट सांगते, ती माझ्या पगारपत्रकातली आहे. माझ्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जायचा. शिक्षक खोलीत त्याबद्दल कुरकुर व्हायची. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने गावातल्या माणसाला मागेल तेव्हा काम द्यायचं ठरवलं, आणि त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये हा कर आणला. शहरातल्या नोकरदाराने द्यायचं आणि खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळायचं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचा नमुना होता. १९९० पासून याच रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली. आपल्या वरकस जमिनीवर, जिथे नाचणी-वरीशिवाय काही होत नव्हतं, तिथे दादाने काजू आणि हापूसची कलमं लावली ती त्या योजनेतून. तुझ्या शिक्षणाची फी त्या काजूने भरली. कायदा आणि अर्थसंकल्प घरापर्यंत कसा येतो, हे तुला दुसरीकडे शोधायला नको.

या सभागृहात बायकांनी काय केलं, तेही लोकांना सांग. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक पाणीवाली बाई म्हणायचे. वस्तीतल्या नळासाठी भांडता भांडता त्या १९७२ मध्ये विधानसभेत पोचल्या. महागाईविरुद्ध अहिल्या रांगणेकरांसारख्या सहकाऱ्यांबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि सभागृहातही तितक्याच ठामपणे उभ्या राहिल्या. गर्भजल तपासून मुलगी असेल तर पाडायचं, हे शहरांत सर्रास होऊ लागलं तेव्हा कायदा व्हावा म्हणून त्यांनी सभागृहात आग्रह धरला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने तो कायदा केला. देशात असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ मध्ये आला. नळाच्या तोटीपासून सुरू झालेलं काम कुठवर जाऊ शकतं, ते बघ. तूही नळपाणी योजनेपासूनच सुरुवात केली आहेस.

आता आपल्या मतदारसंघातून सभागृहात काय न्यायचं, ते ठरव. माझ्या मनात जे आहे ते लिहिते, तू त्यात भर घाल.

पहिलं, सामाईक सातबारा. एका उताऱ्यावर चुलत-चुलत भावांची आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींची मिळून चाळीस-पन्नास नावं, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही हयातही नाहीत. कर्ज घ्यायचं झालं, नुकसानभरपाई घ्यायची झाली, की सगळ्यांच्या सह्या आणा. जमीन हा राज्याचा विषय आहे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता विधिमंडळानेच १९६६ मध्ये केली. मोजणी आणि वाटपाची रीत सोपी करायची असेल, तर ती तहसीलदाराच्या पाया पडून होणार नाही, सभागृहातच व्हायला हवी. तुझ्या स्वतःच्या सहीसाठी किती उतारे अडले आहेत, हे तुला ठाऊक आहे. बहिणीचा हक्क राखून वाटप सोपं कसं होईल, यावर तू जितकं खरं बोलशील तितकं दुसरं कोणी बोलणार नाही.

दुसरं, बंदरावरची माणसं. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या कायद्याखाली येते. १९८१ चा तो कायदा २०२१ मध्ये सुधारला, एलईडी दिवे लावून आणि बेकायदा पर्ससीनने मासे ओढणाऱ्यांचा दंड वाढवला. दंड कागदावर वाढला, पण गस्त घालायला नौका किती आणि माणसं किती, हा तारांकित प्रश्न विचारायचा आणि मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी उत्तर घ्यायचं, हे आमदाराचं काम आहे.

तिसरं माझ्या जिव्हाळ्याचं आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार शिक्षण खात्याने २०२३ मध्ये मांडला. नकाशावर तीन किलोमीटर दिसणारी शाळा आपल्याकडे एक घाटी चढून आणि एक पऱ्या ओलांडून गाठावी लागते. आषाढात सहा वर्षांच्या मुलीला कोण धाडेल? लक्षवेधी सूचना लावून हे खात्याला ऐकवणारा माणूस आपल्याला हवा आहे.

आपला आवाज मुळात कमी झाला आहे, हेही लक्षात घे. माणसं मुंबईला गेली, २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. मतदारसंघांची पुनर्रचना झाली तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या सात जागांच्या पाच झाल्या. २००९ च्या निवडणुकीपासून खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ उरले नाहीत. २८८ जणांच्या सभागृहात पाच माणसं. त्यांतलं एकेक माणूस तयारीने बोलणारं असावं, अशी आपली गरज इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त आहे.

म्हणून तू आतापासून तयारी कर. अर्थसंकल्पाची पुस्तकं विधिमंडळात मांडली गेली की सगळ्यांना वाचायला मिळतात. त्यातली मत्स्यव्यवसाय, शालेय शिक्षण आणि मृद-जलसंधारण ही पानं तरी वाचून काढ. आपल्याकडे एवढा पाऊस पडतो आणि एप्रिलात टँकर येतो, त्याचं उत्तर त्या आकड्यांत सापडेल. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं. प्रेक्षक गॅलरीचा पास काढून एकदा दिवसभर बसून ये. कपात सूचना कशी मांडतात, औचित्याच्या मुद्द्यावर उभं कसं राहतात, पुरवणी मागण्यांवर कोण अभ्यास करून बोलतं, हे डोळ्यांनी बघ.

आता उमेदवारीचं बोलू.

पक्षाचं तिकीट मानाने मिळत असेल तर घे. पक्षाकडे बूथपर्यंत माणसं असतात, अपक्षाला ती एकेक करून जोडावी लागतात. २०१९ मध्ये तेरा अपक्ष निवडून आले होते, २०२४ मध्ये दोन. हे आकडे समोर ठेवूनच निर्णय घे. पण तिकीट घेतलंस की सभागृहात पक्षाचा व्हिप पाळावा लागतो, तेव्हा मुलाखतीला जाण्याआधी जमिनीबद्दल, मासेमारीबद्दल त्या पक्षाचं म्हणणं काय आहे ते विचारून घे. तुझं म्हणणंही त्यांना तोंडावर सांगून ये. आणि पक्षाच्या एबी फॉर्मसाठी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कोणाच्या दारात ताटकळत बसायची वेळ येणार असेल, तर त्या आधीच अपक्ष लढायचं की थांबायचं, हे घरात बसून ठरव.

अपक्ष उभी राहिलीस तर अर्जावर मतदारसंघातले दहा सूचक लागतात. ते दहा जण तू कसे निवडतेस, यावरून लोक तुला ओळखतील. एकाच वाडीतले, एकाच भावकीतले दहा घेऊ नकोस. बंदरावरची मासे विकणारी, बौद्धवाडीतला पदवीधर मुलगा, मोहल्ल्यातली शिक्षिका, धनगरवाड्यावरचा म्हातारा, अशी माणसं तुझ्या अर्जावर असू देत. त्यांच्याकडे सही मागायला जाशील तेव्हाच तुझा अर्धा मतदारसंघ तुला कळेल. अपक्ष निवडून येऊन नंतर एखाद्या पक्षात गेलीस, तर पक्षांतरबंदी कायद्याने सदस्यत्व जातं, हेही लोकांना सांगून टाक. त्यांना तुझा भरवसा वाटेल.

नमुना २६ चं शपथपत्र स्वतः भर. वकिलाला दाखव, पण भरायचं तू. त्यात तुझी, जावईबापूंची आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, देणी, उत्पन्न, खटले, शिक्षण असं सगळं येतं. एकही रकाना मोकळा सोडायचा नाही. जिथे सांगण्यासारखं काही नाही तिथे 'निरंक' लिही. मोकळे रकाने ठेवलेला अर्ज नाकारता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. लोक याला नुसतं कागदाचं काम समजतात. मला तो मतदाराशी पहिला खरा संवाद वाटतो. त्याची प्रत तू स्वतः वाडीवाडीत वाचायला दे.

अनामत रक्कम दहा हजार आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ती जाते. म्हणजे दोन लाख मतं झाली तर ३३ हजारांच्या वर मतं लागतात. 'डिपॉझिट जाईल' या वाक्याने तुला घाबरवायला येणारे पुष्कळ असतील. ते वाक्य दहा हजार रुपयांचं आहे, एवढं लक्षात ठेव.

खर्चाची मर्यादा २०२२ पासून चाळीस लाख आहे. ती मर्यादा आहे, एवढा खर्च केलाच पाहिजे असं नाही. जमीन विकायची नाही, दागिने गहाण टाकायचे नाहीत, जावईबापूंच्या नावावर कर्ज काढायचं नाही. हे मी तुझी आत्या म्हणून बजावते आहे. लोकांकडून पावती देऊन पैसे घे, शंभर-दोनशेसुद्धा घे. ज्याने शंभर रुपये दिले, तो मत द्यायला येतो आणि पुढे जाबही विचारतो. खर्चासाठी अर्ज भरण्याआधी वेगळं बँक खातं काढावं लागतं. रोजच्या नोंदीचं रजिस्टर खर्च निरीक्षकाला दाखवावं लागतं, चहा आणि वडापावचेही दर जिल्ह्याच्या दरपत्रकात ठरलेले असतात. निकालानंतर तीस दिवसांत सगळा हिशेब द्यायचा. तो दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवता येतं. आपल्या बचत गटाचं रजिस्टर तू इतकी वर्षं चोख ठेवलंस, त्यामुळे याची मला काळजी नाही.

काळजी आहे ती मुंबई मंडळांची. प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ आहे आणि निवडणूक आली की गाड्यांचं बोलणं सुरू होतं: किती बस देणार, जेवणाचं काय, भजनी मंडळाला पखवाज, पोरांच्या टीमला जर्सी. मतदारांना गाड्या करून मतदान केंद्रावर आणणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचार आहे. पाकीट तर आहेच आहे. तू मंडळांच्या बैठकीला लालबागला जा, नालासोपाऱ्याला जा, आणि हे सरळ सांग. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला स्वतःच्या खर्चाने येतो, उभ्याने रेल्वेतून येतो. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणं मालकावर बंधनकारक आहे, तो मतालाही येईल. पण त्याला यावंसं वाटेल असं त्याच्या सामाईक सातबाऱ्याबद्दल, बंद घराबद्दल, गावच्या शाळेबद्दल तू काहीतरी बोललेलं असलं पाहिजे. गाडी न देता आलेली मतं थोडी असतील, पण ती तुझी असतील. गाडी देऊन निवडून आलेल्या आमदाराला पुढची पाच वर्षं गाड्यांचे पैसे फेडत बसावं लागतं, आणि ते पैसे कुठून येतात हे आपण सगळे बघतो.

आता माझ्या अनुभवाचं सांगते. मी नोकरीत असताना केंद्राध्यक्ष म्हणून पुष्कळ मतदान केंद्रं सांभाळली. मतदान सातला सुरू होतं, त्याच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचं असतं. निदान पन्नास मतं टाकून मोजून दाखवायची, ती पुसायची, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून घ्यायच्या, मग मोहोर लावायची. संध्याकाळी यंत्र बंद केल्यावर नमुना १७-सी मध्ये एकूण किती मतं झाली ते लिहून प्रतिनिधीला प्रत द्यायची. ही सगळी रीत उमेदवाराच्या माणसाने डोळ्यांत तेल घालून बघावी म्हणून आहे. प्रत्यक्षात लहान उमेदवारांचे प्रतिनिधी पुष्कळ केंद्रांवर नसायचे, आणि बाई तर क्वचितच दिसायची. राज्यात एक लाखाहून अधिक मतदान केंद्रं आहेत, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे. तितक्या बायका तू उभ्या कर. पोस्टर पुढच्या पावसात गळून जातील, या साडेतीनशे जणींना यंत्राची, यादीची, नियमांची ओळख झालेली राहील. त्यांतलीच एखादी पुढे उमेदवार होईल.

मतदार यादीचं कामही आत्ताच सुरू कर. नाव घालायला नमुना ६, दुरुस्तीला आणि पत्ता बदलायला नमुना ८. आता वर्षातून चार तारखांना अठरा पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते. सासरी गेलेल्या मुलींची नावं माहेरच्या यादीत राहतात आणि सासरच्या यादीत चढत नाहीत, हे मी केंद्रावर बसून पाहिलं आहे. ती मतं कुणालाच मिळत नाहीत. २०२४ मध्ये मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी. एवढी मतं तर एका मोठ्या वाडीत असतात.

बाई म्हणून जे सोसावं लागेल, तेही लिहायला हवं. २०१९ मध्ये विधानसभेत चोवीस बायका निवडून आल्या, २०२४ मध्ये एकवीस, २८८ पैकी. २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा बायकांना ठेवायचं ठरलं, पण अंमल जनगणना आणि पुनर्रचनेनंतर. त्या तारखेची वाट बघत थांबू नकोस. खुल्या जागेवर लढणारी बाई लोकांच्या डोळ्यांना सवयीची झाली पाहिजे. तुझ्याबद्दल वाईटसाईट बोललं जाईल, रात्रीच्या बैठकांवरून, गाडीत कोण होतं यावरून. त्याला उत्तर देत बसू नकोस. दादा आणि वहिनीला मात्र आधी कल्पना दे, म्हणजे ते बाहेरून ऐकून खचणार नाहीत. बॅनरवर फोटो तुझा असू दे, नाव तुझं असू दे. गावात सरपंचपती म्हणून मिरवणारे आपण पाहिले आहेत. जावईबापू त्यातले नाहीत. त्यांनी घर आणि मुलांचं बघावं आणि संध्याकाळी हिशेबाचं रजिस्टर तपासून द्यावं. हे मी त्यांना वेगळं सांगणार आहे.

हरलीस तर? दादाचा प्रश्न हाच आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. एसटीने फिरणारा साधा माणूस म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. तेही १९७२ मध्ये हरले, १९९५ मध्ये हरले, आणि दोन्ही वेळा लोकांत राहून परत निवडून आले. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती खोतीच्या विधेयकाची गोष्ट. १९३७ मध्ये ते मंजूर झालं नाही, तरी खोती जायला हवी हा विचार मेला नाही, आणि बारा वर्षांनी कायदा झाला. तू सामाईक सातबाऱ्यावर, गस्तीच्या नौकांवर, वाडीच्या शाळेवर मतं मागितलीस आणि तुला वीस हजार मतं पडली, तर जिंकलेल्या माणसाला ती वीस हजार माणसं दिसणारच आहेत. अधिवेशनाच्या आधी त्याला तुझं पत्र जाऊ दे: हे तारांकित प्रश्न विचारा, माहिती मी गोळा करून देते. त्याने विचारले तर लोकांसमोर त्याचे आभार मान. नाही विचारले तर पुढच्या निवडणुकीत ते तुझ्या भाषणात येतील. पाखाडी आणि समाजमंदिराच्या आश्वासनावर लढून हरलीस, तर मागे काहीच उरणार नाही. म्हणून तर म्हणते, मागायचीच तर आमदारकी माग.

निकाल काहीही लागो, दुसऱ्या दिवशी तू बाहेर पड. वाडीवाडीत जाऊन मत दिलेल्यांचे आणि न दिलेल्यांचे आभार मान. तुझे फलक तुझ्या माणसांनी उतरवले पाहिजेत. तीस दिवसांच्या आत हिशेब दे आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लाव. आपल्या तालुक्यात हे कोणी केलेलं मी पाहिलेलं नाही, तू कर.

माझं नाव अजून गावच्या यादीत आहे. अपक्ष लढलीस तर पहिली सूचक म्हणून माझी सही घे. पक्षाकडून लढलीस तर आपल्या शाळेतल्या केंद्रावर मतदान प्रतिनिधी म्हणून मला बसव, पहाटे साडेपाचला मी तिथे असेन. आणि त्याच्या आधी, या मे महिन्यात, तुझ्या साडेतीनशे जणींतल्या पहिल्या वीस-पंचवीस जणींना आपल्या पडवीत बोलाव. अभिरूप मतदान काय असतं आणि १७-सी वर सही करण्याआधी काय वाचायचं, हे मी त्यांना शिकवते. दादाला सांग, चहाचा खर्च माझा. तो तुझ्या हिशेबात धरायचा का, हे मात्र निवडणूक कार्यालयात विचारून घे.

तुझी,
आत्या